कोपनहेगनची बॅग

रविवार, चार मे. हजर: मी, आमचे हे, वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई आणि हॉलमध्ये उघडी पडलेली बॅग.

कोपनहेगनला लेकीकडे जेमतेम तीन दिवसांसाठी जायचं आहे. माझी यादी महिन्यापूर्वीच तयार होती. आज "तुम्ही चाललाच आहात तर" म्हणत कुलकर्णीबाई भाच्यासाठी भाजणी घेऊन आल्या.

"भाचा कोपनहेगनलाच असतो ना?"

"ओस्लोला. पण जवळच की!"

"नकाशात वीतभर आहे," हे पेपराआडून म्हणाले. मी भाजणी ठेवून घेतली.

कोणी परदेशी निघालं की त्याची बॅग अख्ख्या सोसायटीची होते. चिडचिड होते, पण नाही म्हणवत नाही. लेक तिकडे नवीन होती तेव्हा तिचं लोणचंही अशाच कुणाच्या तरी बॅगेतून गेलं होतं.

संध्याकाळी बॅग काट्यावर ठेवली. वजन काठोकाठ भरलं. मग यादी पाहिली. चौघांची लोणची, तिघांचे पापड, एक भाजणी, सगळ्यांवर खुणा झालेल्या. लेकीने फोनवर एकच मागितलं होतं, "आई, तुझी एखादी जुनी सुती साडी आण गं, पांघरायला."

साडी अजून कपाटातच आहे.