माझं बोट, ह्यांचा शेअर

मी जळकी आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण दागिन्यांवरून मी कधी जळले नाही, साड्यांवरूनही नाही. जाऊबाईंचं दुमजली घर झालं तेव्हा मी पोटभर पेढे खाल्ले. एका सरकारी बँकेच्या शेअरवरून मात्र एका बाईवर मी जी जळले, ती अजून विझलेले नाही.

आमचं घर हिंदी मुलखात, लश्कर भागातल्या दाना ओलीत; ओली म्हणजे गल्ली. सकाळी बाजार उघडायच्या थोडं आधी पुढच्या खोलीत बैठक भरते. बैठक म्हणजे तीन माणसं. एक आमचे हे, सरकारी नोकरीतून निवृत्त. दुसरे किला गेटचे काका. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, आणि काका अजून शेअर घ्यायलासुद्धा बूट घालून बसतात. तिसरे दाल बाजारचे सेठ, डाळीचे ठोक व्यापारी. त्यांना मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. टीव्हीचा आवाज बंद असतो, पडद्यावर भाव पळत असतात, आणि खोलीत राजकारण चाललेलं असतं.

तिघांकडे त्या एकाच बँकेचे शेअर, त्यामुळे भांडायला मुद्दा शोधावा लागत नाही. काका सरकारचे भक्त. ‘आपलं राज्य आहे तोवर बँकेला कोण हात लावतो,’ असं ते म्हणत. ह्यांचं सरकारशी उभं वैर. ‘ही सरकार सगळ्या बँका विकून खाणार, लिहून ठेवा,’ असं हे म्हणत. सेठ हसून म्हणत, ‘भाई, जो जीते उसका झंडा, भाव बढ़ना चाहिए.’ शेअर वर गेला की काका जिंकले, खाली आला की हे जिंकले. स्वतःचे पैसे बुडत असताना खुशीत मांडी थोपटणारा माणूस मी आमच्या ह्यांच्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

ह्या सगळ्यांना चहा मी देते. पण मी नुसती चहावाली नव्हे. मुलींच्या शाळेत मी नोकरीभर कॉमर्स शिकवलं. माझं स्वतःचं खातं आहे, आणि मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून मी ओट्यापाशी उभी राहून सौदे करते. बँकेचा वार्षिक अहवाल येतो, तो ह्या तिघांपैकी कोणी उघडत नाही. मी वाचते. माझं म्हणणं साधं होतं: निवडणुकीत कोण येतं ते सोडा, बुडीत कर्जं कमी होताहेत का आणि लोक पैसे ठेवताहेत का, तेवढं बघा. ह्या बँकेचं दोन्हीकडे बरं चाललं होतं. हे मी ह्यांना जेवताना सांगितलं, फिरायला जाताना सांगितलं, एकदा तर डॉक्टरच्या दारात नंबर लावून बसलो होतो तेव्हा सांगितलं. ह्यांचं उत्तर ठरलेलं. ‘तू राहू दे.’ पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

वर्षातून एकदा मात्र मला मान असे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेअर बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो. आमच्याकडे त्या दिवशी चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, आणि शेजारी ह्यांचा लॅपटॉप, त्यालाही हळदकुंकू. बैठकीची तिन्ही माणसं सोवळ्यात असल्यासारखी गप्प बसतात. मग हे मला हाक मारतात, आणि बँकेचा एक शेअर शकुनाचा म्हणून माझ्या हातून घेतला जातो. बटण घरच्या लक्ष्मीनेच दाबायचं असा आमचा रिवाज. माझं दाबून झालं की काका आणि सेठ आपापल्या मोबाईलवर घेतात. कोणता शेअर, किती भावाला, हे सगळं ह्यांनी आधीच भरून ठेवलेलं असतं. माझं फक्त बोट. तरी त्या एका बोटाचं मला अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू.

मग ती आली. ती म्हणजे ह्यांची लहानपणची शेजारीण, ह्याच ओलीतली. लग्न होऊन पुण्याला गेली, नवरा गेल्यावर भावाकडे परत आली. आमच्या ह्यांना ‘अरे’ म्हणणारी आता साऱ्या लश्करमध्ये ती एकटीच उरली आहे. पहिल्याच दिवशी ती बैठकीत येऊन बसली आणि म्हणाली, ‘अरे, ही सरकार काय म्हणतोस, हे सरकार म्हण. हिंदीत राहून राहून पार बिघडलास.’ मी तेच सांगितलं असतं तर दोन दिवस अबोला झाला असता. तिला हे हसून म्हणाले, ‘अच्छा बाई, हे सरकार.’ आणि त्या दिवसापासून खरंच ‘हे सरकार’ म्हणायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कोणी भलतं समजू नये. ती दर भाऊबीजेला ह्यांना पुण्याहून फराळ आणि पत्र पाठवत असे, आणि हे तिला साडी. त्या बाजूने जळायला जागाच नव्हती. बाई मनाने चांगलीही होती, आणि हेच जास्त वाईट. दिवाळीच्या आधी दुपारची ती माझ्या मदतीला येऊ लागली. मी चिवड्याचे पोहे भाजायची, ती खोबऱ्याचे काप करायची. बोलता बोलता तिने विचारलं, ‘वहिनी, ही मंडळी रोज इतकी भांडतात, त्या बँकेचं खरं काय आहे हो?’ इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगत सुटले. बुडीत कर्जं, ठेवी, व्याज, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘मंत्री येतात नि जातात, बँक तिच्या कर्जदारांवर चालते.’ ती काप करायची थांबली. ‘किती छान सांगता तुम्ही,’ म्हणाली. मला त्या दुपारी ती फार आवडली.

दोन-तीन दिवसांनी मी चहाचा ट्रे घेऊन खोलीत आले तर वाद टिपेला पोचलेला. राज्यातल्या कुठल्याशा निवडणुकीचा निकाल तोंडावर होता. काका म्हणत होते, घ्या, आपणच येणार. हे म्हणत होते, विकून मोकळे व्हा, बँकेचं काही खरं नाही. तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, ‘अरे, मंत्री येतात नि जातात. बँक तिच्या कर्जदारांवर चालते. बुडीत कर्जं कमी होताहेत की नाही ते बघ ना आधी.’

सेठ म्हणाले, ‘वाह बहनजी, क्या बात कही.’ आणि आमचे हे, ज्यांना मी हे डॉक्टरच्या दारात बसून सांगितलं होतं, ते मान डोलावत म्हणाले, ‘ह्याला म्हणतात विचार. ह्या अंगाने आपण कोणी पाहिलंच नाही.’ माझ्या हातातला ट्रे मी टेबलावर ठेवला, जरा जोरानेच. ‘हळू,’ हे म्हणाले.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. पुढे रोज तेच. दुपारी मी बोलायची आणि सकाळी माझंच बोलणं पुण्याच्या शुद्ध मराठीत मला ऐकू यायचं. मी गप्प बसायचं ठरवलं, पण चकल्या पाडताना तिने पुन्हा काही विचारलं आणि माझ्याने राहवलं नाही. मला विचारणारी तीच एक होती ना. तेवढ्यात शेअर थोडा वर सरकला. हे सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या लहानपणच्या मैत्रिणीचं डोकं फार चालतं. जाऊबाईंना फोन करून सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं.

लक्ष्मीपूजनाला मी हिरवं लुगडं नेसले, जे मी मुहूर्तासाठीच राखून ठेवलंय असं हे दरवर्षी चिडवत. पूजा झाली, लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, बाजार उघडला. ह्यांनी शेअरचा आकडा भरला. मी हात पुसून पुढे झाले. आणि हे तिच्याकडे वळून म्हणाले, ‘यंदा तू लाव हात. तुझंच सगळं खरं ठरतंय.’

काका खाकरले. ‘अरे, वहिनी उभ्या आहेत.’ सेठ बत्ताशांच्या ताटलीकडे बघत राहिले. मी बोलले असते तर लक्ष्मीसमोर नको ते तोंडातून गेलं असतं. पोटात मात्र असं दुखलं की वाटलं, लॅपटॉप उचलावा आणि केरसुणीसकट ओलीत नेऊन ठेवावा.

ती एकदम मागे सरकली. ‘मी? अरे, मला यातलं काय कळतं? माझं सगळं एफडीत. मी तर इतके दिवस वहिनींचंच बोलते आहे. त्यांनीच शिकवलं मला, चिवडा करताना. तू त्यांना विचार.’

हे माझ्याकडे वळले. चष्म्यावरून बघितलं, नवीन भाडेकरूकडे बघावं तसं. ‘अच्छा?’ म्हणाले. ‘मग बोल. काय करायचं? घ्यायचा का?’

ह्याच प्रश्नासाठी मी इतकी वर्षं चहा दिला होता. उत्तर तयार होतं. पण विचारल्यावर त्यांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं, बरोबर विचारलं ना, असं. तिने हलकेच मान डोलावली. ती मान मला दिसली आणि उत्तर मी माझ्याकडेच ठेवलं. ‘दरवर्षी तुम्ही ठरवता,’ मी म्हटलं, ‘यंदाही तुम्हीच ठरवा.’ आणि फराळ आणायला आत गेले.

बाहेर लगेच सुरू झालं. ठरवायचं म्हटल्यावर काकांनी सरकार काढलं, ह्यांनी निकाल काढला, सेठ म्हणाले पहले सुन तो लो. हे एकदा म्हणाले घेतो, एकदा म्हणाले विकतो. ताटल्या भरून मी बाहेर आले तर तिघं नेहमीसारखे एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. पडद्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, ‘अहो, वेळ संपली वाटतं.’ बाजार बंद झाला होता. आमच्या घरात पहिल्यांदाच मुहूर्ताचा शेअर घेतला गेला नाही. काकांनी पूजेपुरते काढलेले बूट चढवले आणि ते चिवडा न खाता गेले.

पाडव्याला बाजार बंद. मी ह्यांना ओवाळलं, चेहऱ्याकडे न बघता. ह्यांनी ताटात ओवाळणी टाकली आणि काही तरी बोलणार होते, पण नुसतेच उठले.

भाऊबीजेच्या सकाळी बाजार उघडला. बैठकीला कोणी आलं नव्हतं. हे एकटेच टीव्हीसमोर. मी ओट्यापाशी मोबाईल टेकवून माझ्या खात्यात बँकेचे थोडे शेअर घेतले आणि भाजी चिरायला बसले. तेवढ्यात फोन वाजला. ती होती. ‘वहिनी, राग मानू नका. त्याने आत्ता मला फोन केला होता. म्हणतो, तू विचार ना हिला, तुझं ऐकते ती. त्या शेअरचं काय करायचं, तेवढं सांगा ना.’

पुढची खोली आणि माझा ओटा ह्यांच्यामध्ये एक पडदा आहे. कापडाचा. मी म्हटलं, ‘त्यांना म्हणावं, उठून इकडे या आणि विचारा.’

पलीकडे ह्यांचा फोन वाजला, बोलणं झालं, खुर्ची सरकली. पडदा बाजूला करून हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बाजार चालू असताना टीव्ही सोडून हे कधी इथे आले नव्हते. माझी सुरी थांबली. जळफळाट, तिळपापड, सगळं क्षणभर मी विसरले.

‘घ्यायचा का?’ हे म्हणाले. हळू आवाजात, अगदी मलाच.

‘घ्या,’ मी म्हटलं. ‘आणि निवडणुकीला घाबरून विकू नका.’

हे मान हलवून गेले. पडदा परत पडला. मी भाजी पुढे ओढली, आणि पलीकडून ह्यांचा फोनवरचा खूश आवाज ऐकू आला, ‘बघ, तू म्हणत होतीस, तेच म्हणाली ही.’