धुरपताबाईची चूल

ताडकळसच्या चंद्रभानच्या घरात भाकरी करायचा मान त्याच्या बायकोचा, धुरपताबाईचा, आणि हा मान तिने कुणाच्या हाती कधी जाऊ दिला नाही. जावा आल्या आणि वेगळ्या निघाल्या, सासू गेली, सून आली. काठवटीपुढचा पाट मात्र धुरपताबाईचाच राहिला. तिची भाकरी होतीही तशी. पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा कडेपासून कडेपर्यंत सुटलेला. निजामाचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा साहेब, दौऱ्यावर आला की मुक्काम पाटलाकडे करायचा आणि जेवायला चंद्रभानच्या ओसरीवर यायचा. ‘अम्मा, रोटी तो बस आपके हाथ की,’ असं म्हणून त्याने एकदा आणखी एक भाकरी मागितली, तर त्यानंतर महिनाभर धुरपताबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. आता हा साहेब ज्या गावाला जाई तिथल्या प्रत्येक अम्माला असंच म्हणत असणार. पण हे तिला सांगायचं कुणी?

लिंबाजी हा तिचा एकुलता मुलगा. त्याचं लग्न झालं आणि राणीसावरगावची तानुबाई सून म्हणून घरात आली. पोरगी कामाला वाघ होती, बोलायला कमी. आल्यावर आठवड्याभरात ती काठवटीपुढे बसली. ओसरीवर पाहुणे जेवत होते. तानुबाईची भाकरी तव्यावर टाकताना मधोमध चिरली. धुरपताबाईने ती चिरलेली भाकरी उचलली, सगळ्यांच्या देखत अंगणात गेली आणि म्हशीच्या आंबोणात टाकली. वर म्हणाली, ‘आमच्या घरात असलं मानसं खात न्हाईत.’ पाहुणे हसले. तानुबाई हसली नाही आणि रडलीही नाही. तिने हातावरचं पीठ धुतलं, पदर खोचला आणि चुलीपुढून उठली ती उठलीच.

दुसऱ्या दिवसापासून ती शेताला जायला लागली. निंदण, खुरपण, वेचणी, कशाला म्हणून मागे नाही. संध्याकाळी दमून आली की हातपाय धुऊन ताटावर बसायची, आणि धुरपताबाई तिला तव्यावरची भाकरी वाढायची. म्हणजे ज्या सुनेला चुलीपासून हाकललं तिला सासू रोज ऊन-ऊन वाढत होती. ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात ते हेच. पण धुरपताबाईला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला वाटायचं, बघा, सुनेलासुद्धा माझ्याच हातची लागते.

अशी बरीच वर्षं गेली.

मग मनगटं बोलायला लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. सकाळी काठवटीत पीठ ओढलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ उठायची. गुडघे पाटावरून उठू देईनात. डोळ्यांतून धुराशिवायही पाणी यायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं? सांगितलं तर चूल सोडावी लागेल, आणि चूल सोडली तर या घरात धुरपताबाई म्हणून उरतं काय?

तिला खरं नडत होतं ते दुखणं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसायची तेव्हा तव्याखालचा जाळ विझलेला असायचा, टोपल्यातली तळची भाकरी चामट झालेली असायची, वरण गोठलेलं असायचं. तरणेपणी तिला याचं काही वाटलं नव्हतं. तेव्हा तिला हवं होतं नवं लुगडं, जत्रेतल्या बांगड्या, चार बायकांत नाव. पोटात काय जातं आणि कसं जातं याकडे बघायला फुरसत कुणाला होती? आता लुगड्याचं काही वाटेनासं झालं. आता घास तोंडात फिरायचा आणि वाटायचं, कुणीतरी आपल्याला बस म्हणावं. ताट पुढे ठेवावं. तव्यावरची भाकरी, जशी असेल तशी, थेट आपल्या ताटात टाकावी, आणि आपण ती खाईपर्यंत कुणी आपल्याला हाक मारू नये. एवढ्याशा गोष्टीचं इतकं मोल असतं हे कळायला तिला केस पांढरे करावे लागले.

त्यात लढाईचे दिवस. चांगली ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली, घरात उरली ती जुनी, विरी गेलेली. असल्या पिठाला चिकटपणा नसतो. भाकरी हातातच फाटते. एक दिवस धुरपताबाईच्या लागोपाठ भाकऱ्या चिरल्या. तिने पिठाला शिव्या घातल्या. लिंबाजी म्हणाला, ‘आई, पिठाचंच हाय, तू कशाला मनाला लावून घेतीस.’ तानुबाई खाली मान घालून जेवत राहिली. चंद्रभान तर कधी मान वर करून जेवलाच नव्हता. पण पुढल्या आठवड्यात जोंधळा बदलला, नवं पीठ आलं, आणि तरीही भाकऱ्या चिरल्याच. त्या वेळी कुणी पिठाचं नाव काढलं नाही, आणि धुरपताबाईला ते फार लागलं.

दुपारी ती कडूबाईकडे गेली. कडूबाई शेजारची एकटी बाई, तिच्याच वयाची. ती उशिराने स्वतःपुरतं करून घेत होती. तव्यावर भाकरी होती, बोटभर जाड. धुरपताबाई उंबऱ्याच्या आत टेकली आणि त्या भाकरीकडे बघत राहिली.

‘जेवलीस का?’ कडूबाईने विचारलं.

‘जेवले की.’

‘तोंडावरून तर दिसंना.’ कडूबाईने भाकरी अर्धी मोडली, वर ठेचा ठेवला आणि तिच्या हातात दिली. ‘घे. तुझ्यासारखी न्हाई झाली. मागं नावं ठिवू नको म्हंजी झालं.’

दुसऱ्या कुठल्याही दिवशी धुरपताबाईने नावं ठेवली असती. त्या दिवशी तिने ती जाडजूड भाकरी तळहातावर घेतली, हात पोळला तरी खाली ठेवली नाही, आणि तिथेच बसून खाल्ली. खाताखाता तिला रडू आलं. कडूबाईने उरलेली अर्धी आपल्यापुढे ओढली. दोघी म्हाताऱ्या शेजारी बसून जेवल्या. मग धुरपताबाई दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही.

आपल्या घरी टोपलं भरलेलं असताना शेजारणीच्या चुलीपुढे जेवायला बसायचं, म्हणजे घरात सून जेवू घालत नाही असं गावाला ओरडून सांगायचं. एवढं साधं शहाणपण धुरपताबाईला नव्हतं असं नाही. भुकेपुढे ते टिकलं नाही, इतकंच.

चार दिवसांत तानुबाई आडावरून घागर घेऊन आली ती तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. घागर उतरवली, श्वास घेतला.

‘आत्याबाई, मी तुमाला उपाशी ठिवलंय का?’

‘मी तसं म्हणले का कुनाला?’

‘म्हणायला कशाला पायजे? कडूबाईच्या दारातून समदं दिसायलंय. आडावर बाया मला इचारायल्या, सासूला कोंड्यावर ठिवली का म्हणून.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘तवा चार मानसात माझी भाकर म्हशीला घातली. आता चार बायांत माझं तोंड काळं केलं. तुमच्या घरात मी करावं तरी काय?’

धुरपताबाईकडे कधी उत्तराची वाण पडली नव्हती. आई-बापाचा उद्धार करण्यापासून सगळं तिच्या तोंडी तयार असायचं. पण त्या दिवशी मनगट ठणकत होतं, पुढे काठवट होती, संध्याकाळच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. भांडायचं तर त्यालाही बळ लागतं. ती तशीच पिठात हात ठेवून बसली.

‘दमले गं मी,’ ती म्हणाली. ‘कुनीतरी ऊन भाकर वाढावी वाटायलंय. तिथं गेले ते त्याच्यापायी. तुझ्यावर राग धरून न्हाई.’

तानुबाईने घागर भिंतीशी सरकवली. ‘मग मला म्हणायचं होतं.’

‘कोणत्या तोंडानं म्हणू?’

सुनेने पदर खोचला. ती म्हणाली, ‘आता भाकर येती का मला? हाताची सवयच गेली. तुमीच घालवली.’ आणि मग, तसंच कपाळाला आठ्या घालून, ‘सरका तिकडं.’

धुरपताबाई सरकली. पाटावरून उठून भिंतीला टेकायला तिला एवढा वेळ लागला की तानुबाईने दंडाला धरून तिला बसवलं. इतक्या वर्षांत सुनेचा हात अंगाला लागल्याचं धुरपताबाईला आठवेना. तानुबाई काठवटीपुढे बसली. पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं, मग पुन्हा पाणी. धुरपताबाईची जीभ वळवळत होती, हात शिवशिवत होते. तिने पदराचं टोक तोंडात धरलं. पहिली भाकरी तव्याला चिकटली. दुसरी एका अंगाने करपली.

‘तुझे मामंजी न्हाई खायचे बाई,’ धुरपताबाईला राहवलं नाही. ‘एका घासात ओळखतील.’

‘न्हाई खाल्ली तर तुमी करा,’ तानुबाई म्हणाली.

चंद्रभान आणि लिंबाजी शेतातून आले, ताटावर बसले. धुरपताबाई दाराआड उभी राहिली. लिंबाजीने भाकरीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि शहाण्यासारखा जेवायला लागला. चंद्रभानने भाकरी मोडली, वरणात कुस्करली, खाल्ली. दुसरी घेतली. तीही खाल्ली. पाणी प्यायला, ढेकर दिला आणि उठला.

धुरपताबाई दारातून बाहेर आली. ‘अवो, भाकर कशी होती?’

‘कशी म्हंजी?’ चंद्रभानला प्रश्नच कळला नाही. ‘भाकरीसारखी होती.’ आणि तो बैलांना वैरण टाकायला निघून गेला.

धुरपताबाई तिथेच उभी राहिली. आधी तिला राग आला, मग शरम वाटली. ज्या माणसाला आपल्याशिवाय कुणाची भाकरी चालत नाही म्हणून ती तापातही जाळापुढे बसली, बाळंतपणातून उठून लगेच बसली, मनगटं झिजवली, त्याला काही फरक कळत नव्हता. कधीच कळत नव्हता. तिच्या पातळ भाकऱ्याही त्याने अशाच वरणात कुस्करून खाल्ल्या होत्या. एवढी वर्षं कुणासाठी घातली? रडावं तर रडायचाही कंटाळा आला होता. आणि मग, लाज वाटावी असं काहीतरी झालं: तिचे खांदे सैल पडले. उद्या आपण चुलीपुढे बसलो नाही तरी या घरात कुणी उपाशी राहणार नव्हतं.

‘आत्याबाई,’ आतून हाक आली. ‘बसा. तवा तापलेला हाय.’

ती आत जाऊन बसली. तानुबाईने ताट मांडलं, चुलीतल्या आरावर शेकलेली भाकरी हाताने झटकून थेट तिच्या ताटात टाकली. मधे जाड, कडेला काळी. धुरपताबाईने मोडली तर आतून वाफ आली आणि बोटं पोळली. तिने घास घेतला. तानुबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, पण हात थांबला होता.

‘कच्ची ऱ्हायली का?’ तिने न वळता विचारलं.

कच्ची राहिली होती. पीठ दाताला लागत होतं. धुरपताबाईच्या जिभेवर उत्तर आलं, आणि तिने ते घासाबरोबर गिळलं.

‘ऊन हाय,’ ती म्हणाली. ‘दुसरी टाकायलीस का?’

तानुबाईने पीठ पुढे ओढलं. धुरपताबाई भिंतीला टेकून ती भाकरी तव्यावर पडायची वाट बघत बसली.