हैबतीनं काढलेली तुळसा

महाडच्या एसटी स्टँडासमोर माझं पुस्तकांचं दुकान आहे. गाडीची वाट बघणारी, तिशीला टेकलेली माणसं आत डोकावतात, लहानपणी वाचलेली चित्रांची पुस्तकं त्यांना आठवतात आणि मग हमखास विचारतात, "पांडूशेट, ती मुरारी-हैबतीची जोडी हल्ली काय काढतेय हो?" मी सांगतो, मुरारी मास्तर सहा नवी पुस्तकं लिहीत बसलेत आणि हैबती कुडपणला नाचणी राखतोय. विचारणाऱ्याला ती थट्टा वाटते. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला जाते.

हैबती पोलादपूरच्या वरचा, कुडपणच्या माळावरचा. पोरसवदा वयात मुंबईला गेला, गिरगावातल्या एका शिळाप्रेसमध्ये छपाईचे दगड घासायला राहिला आणि दगड घासता घासता चित्रं काढायला शिकला. मुरारी मास्तर आमच्या महाडचे, पण तेव्हा गिरगावात शाळेवर होते. मास्तरांनी गोष्ट लिहायची, हैबतीनं चौकटी पाडून ती चित्रांत मांडायची. अशी तेरा पुस्तकं त्यांनी केली. शाळेच्या दप्तरात क्रमिक पुस्तकाच्या पोटात लपून ती कोकणभर फिरली. मीही आमच्या शाळेतल्या मास्तरांचा मार खाल्लाय त्यापायी.

अठ्ठावन्न साली हैबतीनं मुंबई सोडली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण संसार म्हणजे काय, तर शिमग्याला मिळणारी महिन्याची रजा. "पांडूशेट, तीस वर्सांत अडीच वर्सं तिच्या संगं राह्यलो," असं तो एकदा म्हणाला होता. आता उरलेलं आयुष्य तुळसाजवळ काढायचं म्हणून आला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ती तापानं गेली.

तिचा फोटो नव्हता. हयातभर माणसांची तोंडं रंगवणाऱ्या या माणसानं बायकोचं एक चित्र काढलेलं नव्हतं, कारण ती काढूच देत नसे. जित्या माणसाचं चित्र काढलं की त्याचं आयुष्य घटतं, अशी तिकडच्या बायकांची समजूत. यानं पेन्सिल उचलली की ती तोंडावर पदर घेई. मुलगा सहदेव गिरणीत होता. तो म्हणाला, आईचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवू. रीत आहे आमच्याकडे तशी. हैबतीनं ऐकलं नाही. "टाकावरची बाय समद्यांची येकच असते," म्हणाला. "सोनाराकडं साचा येक. त्यात माजी तुळसा कुटं हाय?"

म्हणून त्यानं नवं पुस्तक धरलं. गोष्ट मास्तरांनी लिहिली. मास्तर तोवर पेन्शन घेऊन महाडला आले होते. डाकवाला तापानं आडवा होतो आणि त्याची बायको टपालाची पिशवी पाठीला बांधून घाट चढते, अशी ती गोष्ट. मास्तरांसाठी ती एक गोष्ट होती. हैबतीसाठी ती बाई तुळसा होती, आणि हे त्यानं मास्तरांच्या पडवीत, माझ्यासमोर, स्पष्ट सांगितलं होतं. मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांवर मीही विश्वास ठेवला, तो माझा गाढवपणा.

दोन वर्षं तो त्या पुस्तकामागे होता. तुळसाच्या बहिणीसमोर जाऊन बसे आणि हनुवटी तेवढी घेऊन येई. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारी, ती हसताना खालचा ओठ कुठल्या बाजूला जायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, तरी दिवसाउजेडी ओसरीवर बसून तो एकेक चेहरा जुळवत होता. तुळसाला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर वण होते. ते त्यानं एकही गाळले नाहीत. शाईच्या बारीक ठिपक्यांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी पांढरी जागा सोडून तो एकेक वण काढी. मला एक पान दाखवलं तेव्हा मी ते हातात धरून नुसता उभा राहिलो. मी तुळसाला दोनदाच पाहिली होती, पण ती तीच होती.

यात हैबतीची एक चूक झाली, आणि ती शिळाप्रेसच्या जुन्या माणसाकडूनच होऊ शकते. एव्हाना छापखान्यांत कॅमेरे आले होते. साध्या कागदावर चित्र काढलं की त्याचा फोटो घेऊन छापायचं आणि कागद चित्रकाराला परत, अशी सोय झाली होती. मास्तरांनी त्याला तसं सुचवलंही होतं, ते नाकारून चालणार नाही. पण हैबतीला ते कमीपणाचं वाटलं. त्यानं खळ लावलेल्या कागदावर चरबीच्या शाईनं काढलं. तो कागद ओला करून दगडावर पालथा घालतात, चित्र दगडावर उतरतं आणि कागदाचा लगदा होतो. छपाई झाली की दगडही वाळूनं घासून कोरा करतात. म्हणजे मागे उरतं ते फक्त पुस्तक. हैबती म्हणायचा, पुस्तकाच्या हजार प्रती निघतील, हजार घरांत तुळसा राहील, कागद ठेवून काय करायचाय.

बासष्टच्या शिमग्यानंतर मास्तर बत्तीस पानांची वळकटी घेऊन मुंबईला गेले. गौरीगणपतीत ते कुडपणला चढून आले, हैबतीच्या घरी दोन दिवस राहिले, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पोटभर जेवले. हैबतीनं विचारलं, तपासायचा कच्चा छाप आला का. मास्तर म्हणाले, आला, उत्तम उतरलंय.

दिवाळीच्या आधी माझ्याकडे गठ्ठा आला. मी वरची प्रत काढून बघितली आणि खूश झालो. कुडपणची माणसं जशीच्या तशी उतरली होती. बाई तर फारच देखणी होती. मला काय कळतं त्यातलं, दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं एक पान माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं, हे खरं ते सांगतो. त्याच दिवशी हैबती बाजाराला आला होता, त्याला मी हौसेनं हाक मारली आणि पुस्तक हातात दिलं.

"हैबतीदा, बाई झकास काढलीस," मी म्हणालो.

त्यानं पुस्तक नाकाजवळ नेलं. पहिलं पान बघितलं, मग दुसरं. मग सगळी पानं उलटली, पुन्हा पहिल्यावर आला आणि मला विचारलं, "ही कोन?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चाफेकळी नाक, काजळ घातल्यासारखे डोळे, गाल लोण्यासारखे गुळगुळीत. पिशवी घेऊन घाट चढणारी ही बाई सिनेमाच्या पाटीवरून उतरून आली होती. बत्तीसच्या बत्तीस पानांवर तीच. लुगडं हैबतीनं काढलेलं, हात त्यानं काढलेले, मान त्यानं काढलेली, फक्त तोंड दुसऱ्याचं. हैबतीनं प्रत पिशवीत घातली आणि पोलादपूरच्या गाडीत जाऊन बसला.

मी दुकान उघडं टाकून मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी मला बसायला पाट दिला, चहा मागवला आणि सांगितलं की प्रकाशकांना वणाची नायिका नको होती, त्यांच्याकडे पाट्या रंगवणारा एक हुशार चित्रकार होता, त्यानं दगडावरचे तेवढे चेहरे चाकूनं खरवडून नवे घातले. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं.  मास्तर म्हणाले, जुलैत, चेहरे खरवडण्याआधीचा पहिला छाप त्यांच्याकडेच आला होता, चेहरे बदलायला संमती म्हणून त्यावर सही त्यांनीच केली. म्हणजे गौरीच्या आधी दोन महिने. खाल्ल्या मिठाला माणूस जागत नाही हे मी पुष्कळ पाहिलंय, पण हे आधी केसानं गळा कापून मग त्याच्याच पानावर जेवणं झालं. मी तसं तोंडावर सांगितलं. मास्तर म्हणाले, पुढच्या सहा पुस्तकांचं काम त्यावर अडलं होतं, आणि हैबतीला ते स्वतः जाऊन समजावतील. गेले नाहीत.

पंधरा दिवसांनी हैबतीच खाली आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला म्हणाला, मास्तरांकडं चल, एकट्यानं जायला भ्या वाटतं, हात उचलला जाईल. गेलो. तो पडवीत उभाच राहिला. 

"मास्तर, तो पयला कच्चा छाप द्या," एवढंच म्हणाला. "त्याच्यावर माजी तुळसा हाय. मला येक कागद पुरंल."

मास्तर गडबडले. सांगू लागले की सही करून तो छाप परत पाठवावा लागतो, काम झालं की छापखानेवाले ती रद्दी ठेवत नाहीत. हैबतीनं विचारलं, एखादं पान तरी ठेवलं आसंल. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मास्तरांच्या घरात, त्यांच्या हातात बत्तीस तुळसा आल्या होत्या आणि त्यातली एकसुद्धा त्यांनी मित्रासाठी काढून ठेवली नव्हती. 

"हैबती, चुकलं माझं," मास्तर शेवटी म्हणाले. "पण तू हातपाय गाळून बसू नकोस. ती तुला पाठ आहे. पुन्हा काढ. मी स्वतः नेऊन छापून आणतो, वणांसकट."

हैबतीनं पिशवीतून कागदांची चळत काढली आणि मास्तरांपुढे ठेवली. वीसेक कागद असतील. पंधरा दिवसांत काढलेले. मास्तर एकेक उचलून बघू लागले, त्यांच्या खांद्यावरून मीही बघितलं. प्रत्येकावर बाईचा चेहरा होता, प्रत्येकाच्या गालांवर वण मोजून घातले होते. पण नाक चाफेकळी होतं. डोळे काजळाचे होते. प्रत्येक कागदावर तीच पाटीवरची बाई होती, नुसती देवी आल्यासारखी दिसत होती.

"पाठ व्हती, मास्तर," हैबती म्हणाला. "आता डोळं मिटलं का हीच म्होरं येते."