काकूंचा राहिलेला भाग

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून करून काकूंच्या उजव्या खांद्याचे बारा वाजले होते. वय चोपन्न, पहाटे पाचची पाळी, घरी भिंतीवर नवऱ्याचा फोटो. असल्या बाईने जपानी कार्टूनच्या नादी लागावं, याचं धाकट्या जावेला फार हसू यायचं. "कार्टून नाही, ॲनिमे," काकू ठणकावून सांगत. पाय मोडून पडल्या होत्या, तेव्हा भाच्याने पहिला भाग लावून दिला होता. ढगांवरून नाव हाकणारी एक मुलगी, भेटेल त्याला पलीकडे पोचवणारी. काकूंचा तिच्यात जीवच अडकला.

भाच्यानेच चष्म्याच्या दुकानावरची खोली दाखवली. रविवारी दुपारी तिथे या मालिकेची वेडी दहा-बारा माणसं जमत. चष्मेवाला, गणिताच्या बाई, बसचा ड्रायव्हर. एरवी ज्यांनी एकमेकांना ओळखही दाखवली नसती, अशी. त्यांचा नियम भारी कडक. भाग पाहिला की फोनवरच्या ग्रुपमध्ये नावेचं चित्र टाकायचं. सगळ्यांची चित्रं येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. आणि ज्याचं चित्र शेवटी, त्याने सगळ्यांच्या आधी बोलायचं. नाहीतर मागे राहिलेल्याला बोलायला काही उरतच नाही, असं बाईंचं म्हणणं.

मालिकेचा शेवटचा भाग आला. काकू चारदा बघायला बसल्या आणि चारही वेळा बसल्या जागी डोळा लागला. अकरा दिवस गेले. बाकीचे तोंडाला कुलूप लावून थांबलेले. कोणी घाई केली नाही, त्याचीच काकूंना जास्त लाज वाटली. ड्रायव्हरचंही चित्र यायचं होतं. शेवटचा तोच ठरेल, आपण मागे बसून मान डोलवू, असा बेत करून शनिवारी त्यांनी भाग न पाहताच नावेचं चित्र टाकून दिलं. ड्रायव्हरने दहा मिनिटं आधीच टाकलं होतं, ते थकल्या डोळ्यांना दिसलंच नाही.

"बोला काकू, तुमच्यापासून सुरुवात," रविवारी चष्मेवाला म्हणाला.

काकूंना थाप मारून निभावता आलं असतं. पण आठवडाभर त्यांना कोणी काही विचारलंच तर 'चादरी झाल्या का' एवढंच. त्यांना काय वाटतं, हे फक्त या खोलीत विचारत. इथे खोटं बोलायला जीभ वळेना. खरं बोलावं तर ही खोलीच हातची जायची.

"मी पाहिला नाही हो," त्या म्हणाल्या. "बसलं की झोप लागते. तुम्ही खोळंबलात म्हणून खोटंच टाकलं. तुम्ही बोला आता, मी निघते."

"निघताय कुठं?" ड्रायव्हर पडदे ओढत म्हणाला. "अकरा दिवस सगळे गप्प बसलेत, अजून अर्ध्या तासानं काय मरत नाही."

भाग पहिल्यापासून सुरू झाला. काकू डोळे ताणून बघत होत्या.

जाग आली तेव्हा घड्याळात पावणेपाच झाले होते. दोन तास उलटून गेले होते. पडद्यावर नाव मध्येच थांबवलेली. बाई पेपर तपासत होत्या, चष्मेवाला एका चष्म्याला काडी बसवत होता, ड्रायव्हर खिडकीशी नुसता बसला होता. कोणी उठून गेलं नव्हतं. नवरा गेल्यापासून आपल्यासाठी कोणी असं थांबलेलं काकूंना आठवेना. त्यांना रडूच आलं.

"लावू पुढे?" बाईंनी हळूच विचारलं.

"पाच मिनिटं द्या," काकू म्हणाल्या. "तोंडावर पाणी मारून येते."