मेमसाबचा वारा

उन्हाळ्याशी जातीनं वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे कॅम्पातला साईं. ऊन आम्ही सगळेच सोसत होतो. हा गडी उन्हाशी भांडायचा, तेही स्वतःसाठी नाही, गाईसाठी. फाळणीनंतर सिंधी मंडळी लष्कराच्या रिकाम्या बरॅकींत येऊन राहिली, तेव्हा त्या वस्तीला उल्हासनगर म्हणायची सवय अजून आमच्या तोंडाला लागायची होती. आम्ही अंबरनाथची माणसं नुसतं कॅम्प म्हणायचो. वालधुनी नदीच्या डोहाकाठचं हिरवं गवत कापून मी रोज बैलगाडीनं तिथं न्यायचो, तेवढीच त्याची माझी ओळख. शाळा मी दुसरीत सोडली, पण गुराढोरांतलं मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय असं तेव्हा मानत होतो. आजही थोडंफार मानतो.

साईंची गाय लष्कराच्या गोठ्यात मागं राहिलेली, अर्धी विलायती. तो तिला मेमसाब म्हणे. दूध भरपूर द्यायची आणि त्या दुधावर त्याच्या घरची पाच तोंडं जेवायची. पण चैत्र लागला की बाईसाहेबांचा जीव घाबरा व्हायचा आणि साईंचा तिच्याहून जास्त. हातात खिशातलं जुनं घड्याळ धरून तो तिच्या कुशीकडं टक लावून बसायचा आणि तिचे श्वास मोजायचा. मधे कोणी बोललं की बोट वर. "भाऊ, चूप. गिनती चालू आहे." एकदा त्याचे व्याही आले, दारात उभे राहिले, घाम पुसून दमले, तरी बोट खाली येईना. शेवटी व्याही माझ्याच गाडीत बसून स्टेशनला परत गेले. वाटेत मला विचारतात, "हा व्याही माझा की गाईचा?"

पाण्याची तर निराळीच तऱ्हा. मेमसाबचं पाणी मातीच्या रांजणात, सावलीत. देण्याआधी हा पठ्ठ्या स्वतः ओंजळभर पिऊन बघायचा आणि जिभेवर कोमट लागलं की सगळं झाडाला घालायचा. नळावर बायकांच्या रांगेत त्याची एक बादली जास्तीची असायची. एका बाईनं विचारलं, "साईं, ये बादली किसकी?"

"मेमसाबकी."

"गाईचा नंबर लावतोस? लाज नाही वाटत?"

"तू दिवसाला किती शेर दूध देतेस?" साईं म्हणाला. त्यानंतर आठ दिवस त्याला नळाजवळ कोणी उभं केलं नाही. पाणी त्याच्या बायकोनं भरलं, आणि नवऱ्याला काय काय म्हणत भरलं ते सिंधीत होतं म्हणून मी लिहीत नाही.

माझ्या गवतावरही त्याचा हुकूम. पहाटे आणि ऊन उतरल्यावरच घालायचं, भर दुपारी काडीसुद्धा नाही. "चारा पोटात गेला की पोटात चूल पेटते, भाऊ. वरून सूरज, आतून चूल. ती जाणार कुठे?" मी खो खो हसलो. घरी येऊन माझ्या गाईंना तसंच घालायला लागलो, पण ते त्याला कशाला सांगू?

त्या वर्षी वैशाखात मेमसाब गाभण होती, सात महिन्यांची. उकाडा असा की पान हलेना. साईंनं गोठ्याच्या चारी बाजूंना गोणपाटं लावली आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत बसला. सिंधेत त्याच्या हैदराबादेला म्हणे ओल्या पडद्याआड थंडगार वाटायचं. तिकडं हवा कोरडी, वाटत असेल. आमच्याकडं हवेतच निम्मं पाणी. मी आत डोकं घातलं तर मोदकपात्राचं झाकण उघडल्यासारखी वाफ तोंडावर आली. मेमसाब जीभ बाहेर काढून उभी, तोंडातून लाळेच्या तारा. बसत नव्हती, रवंथ करत नव्हती, दूध निम्म्यावर आलेलं.

"पडदे काढ," मी म्हणालो. "गाय उकडून मरेल. वासरूही जाईल."

"हैदराबादेत आम्ही असंच करतो." त्यानं आणखी एक तांब्या मारला.

"तुझं हैदराबाद राहिलं तिकडं! ही हवा अंबरनाथची आहे. तिला तुझं गाव माहीत नाही!"

साईंनं तांब्या खाली ठेवला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकेक गोणपाट ओढून खाली टाकलं आणि बरॅकीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गवत घेऊन गेलो तर साईं गोठ्याच्या छपरावर. बांबू, जुने पत्रे आणि तारा घेऊन त्यानं धुराड्यासारखं काहीतरी उभं केलेलं. पण धुराड्याला तोंड वर असतं, याचं तोंड पश्चिमेला. म्हणाला, त्याच्या गावात प्रत्येक घराच्या छपरावर असा मंघ असतो. तो समुद्रावरचा वारा धरून खाली घरात सोडतो. सगळी बरॅक गोळा होऊन हसत होती. कोणी म्हणालं, गोठ्याला नाक बसवलं. मी तर भर लोकांत सांगितलं, यातून झुळूक आली तर मिशी उतरवीन.

दुपार कलली आणि खाडीकडून वारा सुटला. साईंनं मेमसाबच्या पाठीवर पाणी ओतलं. वरून वारा थेट त्या ओल्या पाठीवर. मी माझे कान झाकून उभा होतो, कारण पत्रा कर्णा वाजावा तसा वाजत होता. साईं घड्याळ घेऊन बसला. बोट वर. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. मेमसाबनं जीभ आत घेतली, गुडघे मोडले, खाली बसली आणि हळूहळू रवंथ करू लागली. पुढं ती सुखरूप व्यालीही. माझ्या मिशीचं विचाराल तर ती मी उतरवली. घरी सांगितलं, उकाड्यामुळं काढली.

लोक पांगले. मीही निघालो होतो, पण साईं गोठ्यातच राहिला म्हणून वळून पाहिलं. मंघाच्या खाली, गाईच्या शेजारी, तो डोळे मिटून तोंड वर करून उभा होता. दाढी वाऱ्यानं हलत होती.

"काय रे, आला ना वारा?" मी विचारलं.

"आला, भाऊ." डोळे त्यानं उघडले नाहीत. "वारा तोच आहे. घरचा वास नाही त्याला."

आदल्या दिवशीचं माझं बोलणं मला आठवलं. चुकलो म्हणायची मला सवय नाही, तेव्हाही नव्हती. मी छपरावर चढलो. वाऱ्यानं एक बांबू कलला होता, तो सरळ केला आणि तारेनं घट्ट बांधला.