दोन इंच माया

प्रिय यशू आणि सुजात,

यशू, तुझा रविवारचा मेसेज मिळाला. तू लिहिलं आहेस की गोधडी आता आखूड पडते, पाय बाहेर राहतात. शिवाय पायाकडची ती जाड पट्टी वॉशिंग मशीनमध्ये एका बाजूला गोळा होते आणि मशीन धडधडतं, तर ती कापून टाकू का. पुढे कात्रीचं चित्रही काढलं आहेस. मी लगेच 'थांब' एवढंच कळवलं, कारण बाकीचं फोनवर एका बोटाने टाइप करण्यासारखं नव्हतं. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. पानांना क्रमांक घातले आहेत, त्याच क्रमाने वाचा. शब्द अडला तर बाबांना विचारा. वाचून होईपर्यंत कात्री स्वयंपाकघरातल्या खणात ठेवावी.

तुम्हा दोघांच्या गोधड्या आपल्या दोन इंचवाल्या मावशींनी शिवलेल्या आहेत, आणि या बाईंनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला त्याच्या मापाचं काही शिवून दिलेलं नाही. त्या बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तुमचे बाबा शाळेत असताना त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. गॅलरी बंद करून त्यात त्यांनी मशीन ठेवलं होतं आणि दोऱ्याने जोडता येईल ते सगळं त्या शिवायच्या: ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, पडदे, बाळांची दुपटी, जुन्या साड्यांच्या गोधड्या. शिलाई सरळ, काजं इतकी नीट की उलट बाजूनेही बघत राहावं. फक्त प्रत्येक वस्तूच्या आत, शिवणीच्या पलीकडे, दोन इंच कापड जास्तीचं सोडलेलं असायचं. या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे शिवणारे लोक माया म्हणतात. इतर टेलर अर्धा इंच माया ठेवतात, फार सढळ असेल तर एक. मावशींचा ब्लाउज बाहेरून माझा असायचा आणि आत आणखी एका बाईला पुरेल एवढं कापड असायचं. या शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. मावशींनी तो त्या अर्थाने वापरलेला मी कधी ऐकला नाही.

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो. पांढऱ्या पातळ ब्लाउजमधून ती आतली पट्टी बाहेर स्पष्ट दिसायची. वंदनेला ओळीने बसलं की मागच्या बाईला कोणाकोणाचे ब्लाउज मावशींकडचे आहेत ते सहज ओळखता यायचं. मी एकदा तक्रार केली, "मावशी, आत एवढं कापड कशाला? काखेत टोचतं." त्या म्हणाल्या, "टोचंल. दोन धुण्यांत मऊ पडंल." "पण त्याचा उपयोग काय?" "उपयोग आत्ता न्हाई," म्हणाल्या आणि मशीन चालू केलं. त्यांच्या मते प्रश्न संपला होता. त्यांनी मिक्सरला कव्हर शिवून दिलं तेव्हा त्यातही चारी बाजूंनी दोन इंच होते. मी म्हटलं, "मिक्सर काय वाढणार आहे का?" "मिक्सर न्हाई वाढत. तुम्ही मोठा घ्याल." दोन वर्षांनी आम्ही मोठा मिक्सर घेतला. मला हे त्यांच्यापासून लपवायचं होतं, पण कव्हर उसवायला त्याच हव्या होत्या. वर आल्या, मिक्सरकडे बघितलं आणि सरळ कव्हर उसवायला बसल्या. त्याचाच मला जास्त राग आला.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. टेप नेहमी गळ्यात असे, डॉक्टरांच्या नळीसारखा, पण मापासाठी तो काढलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. वाऱ्याने गॅलरीचं दार आपटू नये म्हणून ते बांधायला मात्र तो रोज लागायचा. माप त्या नजरेने घेत. तुम्ही दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत ते काम झालेलं असे. मी ऑफिसातून आले की जिन्यात निरोप मिळायचा, "मॅडम, सकाळी चाळीस येऊन गेल्या, डावा खांदा उतरलेल्या." म्हणजे माझी नणंद. माझ्या थोरल्या बहिणीला त्या कायम 'तुमच्या छत्तीस' म्हणत. पुढे ती बेचाळीस झाली तरी त्यांच्या तोंडी छत्तीसच राहिली. मी ते बहिणीला सांगितल्यावर ती दर दिवाळीला त्यांना फराळाचा वेगळा डबा पाठवू लागली.

आणि गुरुवार. मावशींकडे प्रत्येक गोष्ट गुरुवारी मिळायची. "या गुरुवारी का?" असं विचारलं तर उत्तर यायचं, "गुरुवारी." मी पस्तीस वर्षं सरकारी कार्यालयात फायली लावल्या. तारीख नसलेला कागद मी टेबलावर ठेवून घेत नसे. मी त्यांना एक मोठं कॅलेंडर नेऊन दिलं आणि माझ्या ब्लाउजच्या तारखेला लाल पेनाने गोल केला. पुढच्या आठवड्यात त्याच कॅलेंडरचं मे महिन्याचं पान बाहीच्या आकारात कापून भिंतीला टाचलेलं दिसलं. लाल गोल बरोबर कोपरापाशी आला होता. "कागद चांगलाय मॅडम," त्या म्हणाल्या, "आणखी हाय का?"

बाजारातल्या तयार कपड्यांबद्दल त्यांचं मत त्या बोलून दाखवत नसत, उलटून बघत. तुमचे बाबा कॅनडाहून पहिल्यांदा आले तेव्हा मावशी भेटायला वर आल्या, तब्येत विचारली आणि बोलता बोलता त्यांच्या शर्टाची कड उलटी केली.

"हे कुठलं रं?"

"तिकडचंच आहे, मावशी. चांगल्या कंपनीचं आहे."

"आत काहीच न्हाई. पाव इंच. तू जाड झालास मंजी?"

"मग नवीन घ्यायचा."

"आन् ह्यो?"

"देऊन टाकायचा कुणाला तरी."

त्यावर त्यांनी शर्टाची कड सोडून दिली. माझ्याकडे बघितलं, मुलाला इतकं शिकवून हेच शिकवलं का, अशा नजरेने. लोणी काळभोरच्या शेतकरी घरातल्या त्या मुलगी. इथे पन्नास वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं, आणि टाकून देणं ही कल्पना त्यांना कोणत्याच भाषेत समजत नव्हती.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. यशू, तू सात वर्षांची होतीस आणि सुजात चारचा. त्या वर्षी माझं छोटंसं ऑपरेशन झालं असं तुम्हाला सांगितलं होतं. ते छोटं नव्हतं, आणि त्यानंतरचे उपचारही बरेच महिने चालले. मी इतकी वाळले की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी आवराआवरीला लागले. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्या, कोणता डबा कोणाला ते लिहून ठेवलं, साड्यांचे दोन ढीग केले. मग एका दुपारी ब्लाउज आणि सुती साड्यांचं बोचकं घेऊन खाली गेले. म्हटलं, "मावशी, यातले चार ब्लाउज माझ्या आत्ताच्या मापाने कापून द्या. बाकीचे फाडा आणि साड्यांबरोबर नातवंडांच्या गोधड्यांत घाला. मला आता ते लागायचे नाहीत."

मावशींनी एक ब्लाउज मांडीवर पसरला, माझ्याकडे खांद्यापासून कमरेपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कापायचं न्हाई."

"अहो, पण ढगळ होतात."

"आत घेते. कापत न्हाई."

"मावशी, मी काही आता परत भरत नाही."

"माप कोण घेतंय मॅडम, तुम्ही का मी?"

त्यांनी सगळेच्या सगळे ब्लाउज आत घेतले. प्रत्येकात चार-चार, पाच-पाच इंच माया दुमडून लांब लांब कच्चे टाके घातले, आणि तेही जाड पांढऱ्या दोऱ्याने. गडद निळ्या ब्लाउजवरसुद्धा पांढरा दोरा. हे कसं दिसतं, असं मी जरा चिडूनच म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिसाया पायजे. उसवताना सापडतो." त्या दिवसांत माझ्या ब्लाउजमध्ये माझ्यापेक्षा कापडच जास्त होतं. हॉस्पिटलमधल्या नर्सने एकदा विचारलं, "आजी, हा कोणी शिवला?" मी म्हटलं, "आमच्या खाली एक बाई राहतात, त्यांना माझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे." तेव्हा मी हे उपहासाने म्हटलं होतं.

गोधड्याही त्याच महिन्यांत शिवल्या गेल्या. मावशींनी विचारलं, "पोरगी केवढी?" मी हाताने उंची दाखवली. "आन् बाप?" मी म्हटलं, सहा फुटांना थोडा कमी. त्यांनी मान हलवली. माझ्या साड्यांचे तुकडे जुळवून, धावदोऱ्याच्या ओळी घालत त्यांनी मोठ्या माणसाला पुरेल अशी गोधडी शिवली. मग पायाकडून आपल्या हाताची वीतभर मोजून ती वरच्या अंगाला दुमडली आणि त्याच जाड पांढऱ्या दोऱ्याने टाचून टाकली. सुजातच्या गोधडीचंही तसंच केलं. मी म्हटलं, "मावशी, पायाशी जाड होतंय." "होऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोरांचं हाय ते पुढचं."

पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता एका सकाळी निळा ब्लाउज घालताना मला काखेत ओढल्यासारखं झालं. हुक लागेना. मी तसाच तो हातात घेऊन खाली गेले. त्या दिवशी गुरुवार होता, हे नंतर लक्षात आलं. मावशींना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एका टोकाची गाठ कापली, दोरा धरला आणि ओढला. लांब टाके होते, एका ओढीत सगळा दोरा बाहेर आला. इस्त्री फिरवली आणि म्हणाल्या, "घाला." तो मला बसला. मी तिथेच खुर्चीत बसून थोडा वेळ रडले. मावशी दुसऱ्या कोणाच्या परकरात नाडी ओवत होत्या. नाडी पार पलीकडून बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मॅडम, ब्लाउज ओला करू नका. आत्ताच इस्त्री केलीय."

गेल्या वर्षी मावशींचा हात थरथरायला लागला. सुई ओवता येईना, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना हिंजवडीला घेऊन गेला. चौदावा मजला आहे. मशीन नेलं आहे, पण ते कव्हर घालून ठेवलेलं असतं, आणि ते कव्हर मशीनला मोठं होतं असं त्यांची सून म्हणाली. अधूनमधून फोन येतो. "मॅडम, हितं खिडक्या मोठ्या आन् पडदे आखूड. बिल्डरनं कुठंच माया ठेवली न्हाई. दोन बिल्डिंगींच्या मधी सुदीक न्हाई." मी विचारते, भेटायला कधी येता? त्या म्हणतात, "गुरुवारी." कोणत्या गुरुवारी, ते मी आता विचारत नाही. गुरुवारी दुपारी मात्र बाहेरची कामं ठेवत नाही.

तेव्हा यशू, आता असं कर. गोधडी टेबलावर पसर. पट्टीच्या कडेला जाड पांढरा दोरा दिसेल, डावीकडे त्याची गाठ आहे. कात्री लागेल ती तेवढ्या गाठीपुरती. मग दोरा ओढ. आतला भाग बाकीच्या गोधडीपेक्षा जास्त गडद आणि नवा दिसेल, त्यामुळे चकित होऊ नकोस. त्याला नऊ वर्षं ऊन लागलेलं नाही. त्यातला हिरवा तुकडा मी नोकरीच्या पहिल्या दिवशी नेसले होते त्या साडीचा आहे. दुमड उलगडलीस की पाय बाहेर राहणार नाहीत आणि मशीनही धडधडणार नाही. दोरा टाकून देऊ नकोस, पाकिटात घालून वर तारीख लिही.

सुजातने आपली गोधडी एवढ्यात उसवू नये. त्याचे पाय अजून आत मावतात. त्याची वीतभर अजून तशीच आहे.

तुमची आजी