डिकीतला ओटा

“पाहुणं, टेका की!”

गाडीच्या उघड्या डिकीत पाय बाहेर सोडून बसलेले काका शेजारच्या गालिच्यावर तळहात आपटून हे म्हणायचे. भाजीवाली असो, कुरिअरवाला असो की सोसायटीचा सेक्रेटरी, त्यांना सगळे पाहुणेच. पुण्यात विश्रांतवाडीच्या पुढं त्यांची शेती होती. तिथं आता इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर ते राहायचे. फ्लॅटला सगळं होतं, फक्त ओटा नव्हता. “वर बसून बोलू कुणाशी, कबुतरांशी?” असं म्हणत ते सकाळीच खाली यायचे, सातसीटर गाडीची डिकी उघडायचे आणि बसायचे. त्या रस्त्यानं तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हालाही हाक आलीच असेल.

मी भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आळंदी रस्त्यावरच्या एका दुकानात गाड्यांना टेप, लाइट, कॅमेरे बसवतो. पुण्यात नवीन होतो तेव्हा कुणी साधा पत्ता विचारला तरी घाम फुटायचा. मला पाहुणं म्हणणारे काका पहिले. “भंडारा? म्हंजी नागपूरच्याबी पल्याड! आईला फोन केला का आज?” केला नसेल तर समोर उभं करून करायला लावायचे.

एका सकाळी काका गाडी घेऊन दुकानात आले, पण तोंड उतरलेलं. सोबत मुलगा, खराडीच्या एका कंपनीत नोकरीला असलेला. मानेच्या ऑपरेशननंतर काकांची मान वळत नव्हती. मागं बघायचं तर अख्खं धड वळवावं लागे, म्हणून गाडी मागं घेताना सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. आणि त्याचं चित्र कधी दिसायचं, कधी स्क्रीन काळीठिक्कर. आदल्या दिवशी ऐन वेळी ती काळी झाली आणि वॉचमनची खुर्ची चाकाखाली गेली. वॉचमन चहाला गेला होता म्हणून वाचला.

“बाबा, संध्याकाळी मी येईपर्यंत कॅमेरा नीट झाला नाही, तर चावी माझ्याकडे,” मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आणि ‘आत्ता दिसतोय’ असं सांगू नका. आत्ता दिसेल, ऐन वेळी जाईल.”

तो रिक्षानं गेला. काका चावीच्या खिशावर हात ठेवून उभे राहिले.

“जमंल ना रं?”

“हो जी,” मी म्हणालो.

आधी फ्यूज पाहिला. चांगला. स्क्रीनला दुकानातला दुसरा कॅमेरा थेट जोडला, चित्र लख्ख. म्हणजे स्क्रीनही चांगली. मग दोष कॅमेऱ्याचाच, असं धरून मालकांनी बुधवार पेठेतून नवा मागवला. बसवला. काळं!

“वा!” मालक म्हणाले. “आता तिसरा लाव. एकट्याला दिसत नसेल, तिघं मिळून बघतील.”

काका दमले होते. सवयीनं मागं गेले, डिकी उघडली आणि टेकले. मी पुढं, गिअर रिव्हर्सला टाकून, त्या काळ्या चौकोनाकडं बघत होतो. आणि स्क्रीनवर पंखा! दुकानाच्या पत्र्याखाली गरगर फिरणारा पंखा! कॅमेरा डिकीच्या दारावर असतो ना, दार वर गेलं की तो छताकडं बघतो.

“काका, दिसलं जी! उठू नका! नाही नाही, उठा! दार लावा!”

लावलं. काळं.

“उघडा!”

पंखा.

“लावा!”

काळं. काकांना खेळच सापडला. “परत?” ते मागून ओरडले. “परत!” मी पुढून. मालकसुद्धा गिऱ्हाईक सोडून बघायला आले.

दार आणि छत यांच्यामध्ये रबराची एक नळी असते, सोंडेसारखी वाकणारी. तिच्यातून तारा जातात. ती सरकवली तर आत कॅमेऱ्याची तार तुटलेली. दार वर गेलं की दोन टोकं एकमेकांना लागायची, खाली आलं की सुटायची.

“काका, दिवसातून किती वेळा उघडता?”

“घराचं दार कुणी मोजतं व्हय?”

दर वेळी तार वाकते आणि म्हणूनच ती तुटली, हे मी सांगितलं. काकांनी डिकीतल्या गालिच्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, “मंग बसायचं सोडण्यापरीस चालवायचंच सोडतो. चावी देतो पोराला, डिकी तेवढी उघडून ठेवील.”

“थांबा जी!” मी म्हणालो, आणि मलाच माझा आवाज मोठा वाटला. जुनी कडक तार काढली, बारीक तंतूंची मऊ तार घातली, वळणाला सैल ठेवली. जोड तीनतीनदा ओढून पाहिला. काका वाकून बघत होते. “कासऱ्याला ढील दिली की बैलबी नीट चालतो,” ते म्हणाले.

संध्याकाळी सोसायटीत परीक्षा. मुलानं ऑफिसची बॅग गाडीच्या मागं जमिनीवर ठेवली. आत लॅपटॉप! “घ्या मागे,” म्हणाला. काका मान ताठ ठेवून गाडी मागं घेऊ लागले. माझे डोळे मिटले. ब्रेक लागला. पाहतो तर बॅग आणि गाडी यांच्यात वीतभर अंतर! मी आनंदानं वॉचमनलाच मिठी मारली.

काका उतरले, मुद्दाम डिकी उघडली, धाडकन लावली, पुन्हा रिव्हर्स टाकला. चित्र होतं.

“ठेवा चावी,” मुलगा म्हणाला, आणि बॅगेवरची धूळ झटकताना हसू लपवायचं विसरला.

पुढं एका रात्री काका गेले, झोपेतच. कुणाला हाक मारायचीही वेळ आली नाही. तेव्हापासून गाडी नुसती उभी होती. परवा मुलाचा दुकानात फोन आला, बॅटरी उतरलीय. मी गेलो, गाडी सुरू करून दिली. त्याला म्हटलं, एक चक्कर मारून आणा. त्यानं चावीला हात लावला नाही.

“तूच काढ मागे.”

मी रिव्हर्स टाकला. स्क्रीन लख्ख. तिच्यात तो उभा होता, ऑफिसच्या कपड्यांत, दोन्ही हातांनी मला बोलावत. “येऊ दे... येऊ दे... अजून...”

कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. तरी मी काच खाली केली आणि त्याच्या आवाजावरच गाडी मागं घेतली.